पाण्यावर चालणारी गाडी आणि युरियाचं पोतं



या आठवड्यात खोडव्याची नोंद टाकायची होती. पण गेल्या पंधरा दिवसांत एकच व्हिडिओ मला अकरा जणांनी पाठवला, आणि त्यातल्या दोघांनी फोन करून विचारलं की बघितला का. गाडी पाण्यावर चालते, धुराड्यातून पाणी पडतं, पेट्रोल-डिझेलचा जमाना संपला, आता शेतकरी हायड्रोजन पिकवणार. कुर्डूवाडीच्या बाजारात चहाच्या टपरीवरही हाच विषय. एक जण म्हणला, उजनीत एवढं पाणी आहे, आपण तर आता अरबांच्या पुढं जाणार.

हसून सोडून दिलं असतं. पण परवा दोन गोष्टी झाल्या आणि हसू गेलं. पहिली, माझ्या चुलतभावानं ट्रॅक्टरला 'हायड्रोजन किट' बसवलं. दुसरी, आमच्या शेतकरी गटाच्या बैठकीत बाहेरून आलेला एक माणूस सांगून गेला की उसाचं पाचट शेतात कुजवू नका, साठवून ठेवा, हायड्रोजनवाले टनावर घ्यायला येणार आहेत. चौघांनी खोडव्यात पाचटाची कुट्टी करायचं थांबवलंय. म्हणून आज हे लिहितोय. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा. आकडे मी सांगतोय म्हणून मानू नका, स्वतः करून बघा. बेरीज-वजाबाकीच आहे.

आधी किटचं सांगतो. स्टीलचा एक डबा, त्यात पाणी आणि चमचाभर क्षार. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन वायरी. पाण्यात बुडबुडे येतात, तो वायू नळीनं एअर फिल्टरपाशी सोडलाय. विकणारा म्हणतो डिझेल तीस टक्के वाचतं. अठ्ठावीस हजार घेतले. भाऊ हुशार आहे हो, डाळिंबात पैसा केलेला माणूस आहे. पण नांगरटीला डिझेल नव्वदीच्या पुढं गेल्यावर माणूस काय करणार, आशा लागतेच.

आता विचार करा. बुडबुडे काढायला वीज लागते. वीज बॅटरीची. बॅटरी भरतो डायनामो. डायनामो फिरवतं इंजिन, आणि इंजिन चालतं डिझेलवर. म्हणजे डिझेल जाळून वीज केली, विजेनं पाणी फोडलं, आणि त्यातून निघालेला वायू परत त्याच इंजिनात जाळला. प्रत्येक टप्प्याला थोडी गळती. विहिरीतून मोटरीनं पाणी उपसायचं, तेच पाणी परत विहिरीत सोडून त्याच्यावर चक्की फिरवायची, आणि त्या चक्कीवर मोटर चालवायची, असा हा प्रकार. भावाला म्हणलं, दादा, दोन दिवस किट लावून नांगर, दोन दिवस काढून नांगर, एकाच रानात, आणि टाकी प्रत्येक वेळी काठोकाठ भरून माप. त्यानं मापलं. फरक शून्य. विकणाऱ्याचा फोन आता लागत नाही.

पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं ते पाणी. चुलीतल्या राखेसारखं. राखेतून परत लाकूड करायचं असेल तर जेवढी आच त्या लाकडानं दिली, तेवढी आणि वर आणखी थोडी तिच्यात घालावी लागेल. एवढं डोक्यात बसलं की अर्धे व्हिडिओ आपोआप गळून पडतात.

राहिले अर्धे. त्यात खरी गाडी आहे. टोयोटाची मिराई. नितीन गडकरी 30 मार्च 2022 ला तिच्यात बसून संसदेत गेले होते, फोटो सगळ्यांनी बघितलाय. ती गाडी खोटी नाही. टाकीत हायड्रोजन भरतात, आत एक फ्युएल सेल असतो, हवेतला ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र येऊन वीज होते, त्या विजेवर मोटर चालते, मागून पाण्याची वाफ. आपल्या पुण्यातही काम झालंय. एनसीएल आणि केपीआयटीनं 2020 मध्ये अशी गाडी चालवून दाखवली, ऑगस्ट 2022 मध्ये बस आणली. शास्त्रज्ञांना माझा सलाम आहे, त्यांच्या कामावर मी बोलत नाही. मी बोलतोय ते हेच दाखवून आपल्याला काय विकलं जातंय, त्यावर.

तर हिशेब. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला 50 ते 55 युनिट वीज लागते. मग तो दाबून भरायची वीज वेगळी, ती आपण सोडून देऊ, 55 धरू. मिराईच्या टाकीत 5.6 किलो बसतो, त्यावर गाडी साधारण साडेसहाशे किलोमीटर जाते असं कंपनी म्हणते. म्हणजे एका टाकीला 308 युनिट.

आपली पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला चार युनिटच्या आसपास खाते. 308 युनिट म्हणजे 77 तास. आठ तासांची लाइट धरली तर साडेनऊ दिवस मोटर चालली. एका माणसानं एका गाडीत टाकी फुल्ल केली, तेवढ्यात माझी साडेनऊ दिवसांची पाळी गेली.

आता कुणी म्हणेल, गाडीला इंधन लागणारच, त्यात काय. बरोबर. पण तीच वीज सरळ बॅटरीच्या गाडीत भरली तर? साधी इलेक्ट्रिक कार एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. साडेसहाशे किलोमीटरला, चार्जिंगमधली घट धरूनही, 100 ते 115 युनिट. तिकडं 308, इकडं 110. म्हणजे जवळजवळ तिप्पट. हे गाडीच्या कंपनीचं चुकत नाही, रस्त्याचं चुकतं. विजेचं पाण्यात रूपांतर नाही, विजेनं पाणी फोडायचं, वायू दाबायचा, टँकरनं न्यायचा, परत दाबून गाडीत भरायचा, आणि गाडीत त्याची परत वीजच करायची. शेवटी चाक फिरवते ती वीजच. मग मधला हा प्रवास कशाला?

आपल्या भाषेत सांगायचं तर हायड्रोजनची गाडी म्हणजे मातीच्या पाटानं दोन किलोमीटरवरून पाणी आणणं. धरणातून सुटलं शंभर, शेंड्याला पोचलं तीस. बॅटरीची गाडी म्हणजे ठिबक. आपण अनुदान घेऊन, कर्ज काढून पाट मोडले आणि ठिबक केलं. आता शहरातले लोक आपल्याला पाटाचं कौतुक सांगतायत.

आता वीज कुठून येते ते बघा. व्हिडिओत सौरऊर्जा दाखवतात, निळं आकाश, पवनचक्की. आपल्या जिल्ह्यात वीज म्हटलं की आधी काय दिसतं? फताटेवाडीचं एनटीपीसी. 1320 मेगावॉट, कोळशावर, आणि पाणी उजनीचं. ग्रीडमधल्या एका युनिटमागं देशात सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. 55 युनिट गुणिले सातशे ग्रॅम, म्हणजे एक किलो हायड्रोजनला साडेअडतीस किलो. त्यावर गाडी जाते शंभर-एकशेपंधरा किलोमीटर. डिझेलची गाडी शंभर किलोमीटरला पाच लिटर पिते आणि साधारण तेरा किलो धूर सोडते. ग्रीडच्या विजेवरचा हायड्रोजन हा डिझेलच्या अडीच-तीनपट घाण. फक्त घाण माढ्यात नाही, फताटेवाडीच्या चिमणीतून निघते, म्हणून फोटोत येत नाही.

म्हणून हायड्रोजन 'हरित' असायला त्याच्यासाठी वेगळी सौर वीज पाहिजे. आणि सौर वीज कुठं होणार? आपल्याच माळावर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीत जागा भाड्यानं देण्याचा दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आहे, वर तीन टक्के वाढ. ती योजना कशासाठी आहे? आपल्याला दिवसा लाइट मिळावी म्हणून. माळावर पाट्या बसतील तेवढ्या बसतील. त्यांची वीज फीडरला येणार की कुणाच्या गाडीच्या टाकीत जाणार, हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? अजून कितीतरी गावांत रात्री बाराला उठून, बॅटरी घेऊन, पायात बूट घालून मोटर चालू करायला जावं लागतं. बिबट्याची बातमी ऐकली की घरातली बाई झोपत नाही. तिला जाऊन सांगा की आपला देश हायड्रोजनवर चाललाय.

पाण्याबद्दल मात्र मी उलटं बोलणार आहे. काही जण पोस्ट टाकतात की हायड्रोजनमुळं उजनी आटेल. नाही आटणार. एक किलोला हिशेबानं नऊ लिटर पाणी, शुद्ध करणं आणि थंड करणं धरलं तर त्याच्या दुप्पट-अडीचपट. शंभर किलोमीटरला वीस लिटर पाणी म्हणजे काहीच नाही. पाण्याचं बोलायचं तर आरशात बघायला लागतं. नीती आयोगानं 2021 च्या इथेनॉलच्या अहवालात लिहिलंय की उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल म्हणजे किमान 2860 लिटर पाणी. मीही ऊसच लावतो. पिंपळनेरला, आजूबाजूला कारखाने आहेत, बिल उशिरा का होईना येतं, दुसऱ्या कुठल्या पिकाला एवढी हमी आहे? पण 2023 ला पाऊस कमी झाला, उजनी साठ टक्क्यांच्या पुढं गेली नाही, जानेवारी 2024 मध्ये धरण मृतसाठ्यात गेलं आणि उन्हाळ्यात उणे पन्नासच्याही खाली. तेव्हा सीना-माढा उपसाच्या टोकाला काय हाल झाले ते आपण विसरलेलो नाही. तर हायड्रोजनच्या विरोधात बोलताना पाण्याचा खोटा मुद्दा नको. खोट्या मुद्द्यानं खरा मुद्दा पडतो. खरा मुद्दा विजेचा आहे.

आणि दाबाचा. ठिबकला आपण एक-दीड किलो दाब ठेवतो, दोन झाला की जोड उडतो. सीएनजीच्या टाकीत दोनशे. मिराईच्या टाकीत सातशे. तो वायू जगातला सगळ्यात हलका, बारीक फटीतून निसटतो, साध्या लोखंडात शिरून त्याला ठिसूळ करतो. म्हणून टाकी कार्बन फायबरची, साडेपाच किलो वायूसाठी त्याच्या पंधरापट वजनाची. 2019 च्या जूनमध्ये नॉर्वेत सांडविका इथं हायड्रोजनच्या पंपावर स्फोट झाला. चौकशीत निघालं काय, तर टाकीचे बोल्ट नीट आवळले नव्हते. नॉर्वेत! आपल्याकडं डीपीचं झाकण बसवायला माणूस मिळत नाही, फ्यूज म्हणून तांब्याची तार गुंडाळलेली असते. मी कुणाला नावं ठेवत नाही, मी स्वतः गुंडाळलीय. पण सातशे किलो दाबाचा पंप टेंभुर्णीच्या हायवेला कुणी टाकणार असेल तर त्याच्या शेजारी माझं रान नको.

पंप टाकणाऱ्यांचं काय झालं तेही बघा. कॅलिफोर्निया, जगात हायड्रोजनच्या गाड्यांसाठी सगळ्यात जास्त पैसा ओतलेल्या ठिकाणांपैकी एक. तिथं 2023 मध्ये किलोचा भाव 36 डॉलरपर्यंत गेला. टाकी फुल्ल करायला दोनशे डॉलर. फेब्रुवारी 2024 मध्ये शेलनं तिथले गाड्यांचे आपले सगळे हायड्रोजन पंप बंद केले. तेल विकणारी कंपनी, पैशाची कमी नाही, सरकार पाठीशी, तरी बंद. 2025 च्या जुलैमध्ये स्टेलांटिसनं हायड्रोजनच्या व्हॅनचा कार्यक्रमच गुंडाळला. ज्यांच्याकडं पैसा होता, रस्ते होते, त्यांना जमलं नाही ते आपल्याकडं टपरीवर जमायला लागलंय.

आमचा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणला, काका, तुम्ही एकतर्फी लिहिताय. बॅटरी भरायला तास जातो, हायड्रोजन पाच मिनिटांत भरतो. आणि लिथियम बाहेरून आणावं लागतं. त्याचे दोन्ही मुद्दे खरे आहेत, म्हणून इथं लिहितोय. पण मिराईतही बॅटरी आहेच, आणि फ्युएल सेलला प्लॅटिनम लागतं, ते काय मोडनिंबला सापडतं का? भरायच्या वेळेचं म्हणाल तर गाडी दिवसातले वीस-बावीस तास उभीच असते. एसटीनं 1 जून 2022 ला पुणे-अहमदनगर मार्गावर इलेक्ट्रिक शिवाई सुरू केली, त्यासाठी कुणाला सातशे किलोचा पंप लागला नाही, वायर लागली. लांब पल्ल्याचे जड ट्रक, तिथं बॅटरीचं वजन नडतं, तिथं हायड्रोजनची परीक्षा होऊ दे. केंद्रानंही मार्च 2025 मध्ये जे प्रयोग मंजूर केले त्यात 37 वाहनं आहेत, सगळी बस आणि ट्रक. एकही कार नाही. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी निदान सरकारचा कागद तरी वाचावा. ऊस तोडणीचं हार्वेस्टर, मोठा ट्रॅक्टर, यांना डिझेल सुटायला वेळ लागणार आहे, ते मी मान्य करतो. दिवसभर रानात जोर लावणाऱ्या यंत्राला आज परवडणारा दुसरा पर्याय माझ्या बघण्यात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लिहिलं ती. हायड्रोजन वाईट नाही. हायड्रोजन आपण रोज वापरतो. कशात? युरियात.

युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात 46 टक्क्यांनी 20.7 किलो नत्र. तेवढ्या नत्राला पंचवीस किलो अमोनिया लागतो. अमोनियात सतरा भागांत तीन भाग हायड्रोजन. म्हणजे एका पोत्यामागं जवळजवळ साडेचार किलो हायड्रोजन. कृषी सहायकांनी, कृषी पदवीधरांनी हा हिशेब तपासावा, चूक असेल तर मला खडसवावं. मिराईच्या टाकीत 5.6 किलो, म्हणजे सव्वा पोतं युरिया. सुरू उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 250 किलो नत्र, एकराला शंभर. पाच पोती धरा. एका एकराच्या उसाला लागणारा हायड्रोजन म्हणजे गाडीच्या चार टाक्या. एक साहेब पुण्याहून सोलापूरला पाच-सहा वेळा जाऊन येणार, तेवढ्यात माझा एकर निघाला.

हा युरियाचा हायड्रोजन आज कशातून येतो? नैसर्गिक वायूतून. थळचा आरसीएफचा कारखाना वायूवरच चालतो. आपल्या देशाला लागणाऱ्या वायूतला निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो, जहाजानं. आखातात गडबड झाली, जहाजं अडकली, की वायू महागतो. पोतं आपल्याला 266 रुपये 50 पैशाला मिळतं कारण वरचा सगळा बोजा सरकार उचलतं, आणि ऐन हंगामात ते मिळत नाही तेव्हा त्याच्यासोबत नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारतात, हे कोण नाकारेल? डीएपीची तर गोष्टच नको. रांगेत उभं राहून आधार कार्ड दाखवलेला माणूस मी आहे.

जगात आज जेवढा हायड्रोजन तयार होतो त्यात चांगल्या, स्वच्छ पद्धतीनं बनलेला एक टक्क्याच्या आत आहे. आधी जो जुना, घाण हायड्रोजन आपण वापरतोच आहोत, खतात आणि रिफायनरीत, तो स्वच्छ करा. तिथं हायड्रोजनला पर्याय नाही, बॅटरीतून युरिया निघत नाही. गाडीला पर्याय आहे. घरात एकच भाकरी असेल तर ती आधी कुणाच्या ताटात वाढायची, एवढाच प्रश्न आहे. 4 जानेवारी 2023 ला केंद्रानं हरित हायड्रोजनचं मिशन मंजूर केलं, 19,744 कोटी, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य. त्याच वर्षी राज्यानं आपलं धोरण आणलं, 8,562 कोटींचं. यातला पैसा खताकडं वळतोय ही चांगली बातमी आहे. 2025 मध्ये 13 खत कारखान्यांसाठी मिळून वर्षाला 7 लाख 24 हजार टन हरित अमोनियाचे लिलाव झाले. टपरीवर यावर कुणी बोललं का? व्हिडिओ आला का? नाही. पोत्याला धुराडं नसतं, त्यात बसून फोटो काढता येत नाही.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. हरित अमोनिया डीएपी, संयुक्त खतं यांना चालतो, पण युरिया करायला अमोनियासोबत कार्बन डायऑक्साइडही लागतो. आज तो त्याच नैसर्गिक वायूतून मिळतो. वायू सोडला तर कार्बन कुठून आणायचा? इथं मला आपल्या भागाचं काहीतरी दिसतं. कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा टाकीवर जो वायू सुटतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो. एक लिटर इथेनॉलमागं पाऊण किलो. युरियाच्या एका पोत्याला 33 किलो लागतो, म्हणजे 44 लिटर इथेनॉल बनताना जे हवेत जातं त्यात एक पोतं बसतं. कारखान्यापाशी युरियाचा प्लांट उभा करा असं मी म्हणत नाही, ते छोट्या आकारात परवडतं का हे त्यातल्या माणसांनी सांगावं. पण 'शेतकरी ऊर्जादाता' म्हणून भाषण करायचंच असेल तर या दिशेनं करा. ऊस आमचा, वायू आमचा, आणि युरियासाठी रांगही आमचीच, हे जरा विचित्र वाटत नाही का?

आता पाचट. बैठकीत जो माणूस आला होता त्यानं पुण्याच्या आघारकर संस्थेचं नाव घेतलं. तिथं शेतातल्या काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढायचं काम झालंय, हे खरं आहे. पण प्रयोगशाळेत झालं म्हणजे माढ्याला काटा लावून खरेदी सुरू झाली असं होत नाही. मी त्याला तीन प्रश्न विचारले. कोण घेणार, भाव काय, आणि लेखी देता का? तिन्हीला उत्तर एकच: 'लवकरच.'

आणि समजा उद्या आला एखादा खरेदीला. तर विकताना काय विकतोय हे माहीत पाहिजे. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात 40 ते 50 किलो नत्र, 20 ते 30 किलो स्फुरद, 75 ते 100 किलो पालाश, आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब. हे आकडे विद्यापीठाच्या घडीपत्रिकेत वर्षानुवर्षं छापून येतात, आपणच वाचत नाही. आपल्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब किती आहे? माती परीक्षणाची चिठ्ठी काढून बघा. माझ्या वरच्या तुकड्याचा 0.38 होता. चार खोडवे पाचट ठेवून, वर युरिया-सुपर टाकून, जिवाणू सोडून आता 0.61 आलाय, आणि उन्हाळ्यात दोन पाळ्यांमधलं अंतर तीन-चार दिवसांनी वाढलंय. एकाच रानाचा अनुभव आहे, तुमची जमीन वेगळी असेल. पण पाचट आच्छादून जे पाणी वाचतं ते उपसायला लागत नाही, म्हणजे वीजही वाचते. हायड्रोजनवाल्याला पाचट देऊन त्याच्याकडून ऊर्जा घ्यायची, आणि मग ती ऊर्जा वापरून जास्तीचं पाणी उपसायचं, याला काय म्हणायचं? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यापेक्षा कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, त्यापासून बायोगॅस काढून सीएनजीसारखा भरतात, ते आज चालू आहे. केंद्राची सतत योजना 2018 पासून आहे. गॅस निघून उरलेलं खत रानात परत येतं. त्याला सातशे किलोचा दाब लागत नाही, आजचीच सीएनजीची गाडी चालते. दिसायला नवं नाही, म्हणून त्याचा गाजावाजा नाही.

ज्यांनी कुट्टी थांबवली आहे त्या चौघांना माझं सरळ सांगणं: थांबू नका. तोड होऊन पंधरा दिवस झाले, खोडव्याला फुटवे येतायत, आता उशीर केला तर कुट्टी यंत्र फुटव्यांवरून जाईल. गटाचं यंत्र सोमवार-मंगळवार माझ्याकडं आहे, बुधवारपासून मोकळं आहे. ज्याला पाहिजे त्यानं रविवारपर्यंत सांगा, डिझेल ज्याचं त्यानं टाकायचं. बगलफोड आणि बुडखे छाटणी आधी उरकून ठेवा. एकरी एक पोतं युरिया, दोन पोती सुपर फॉस्फेट, चार किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन शेणात कालवून, आणि मग हलकं पाणी.

आणि ज्याच्याकडं ते किट विकायला माणूस येईल त्यानं त्याला एवढंच म्हणावं: आधी माझ्या ट्रॅक्टरला लाव, टाकी भरून दोन दिवस मोजू, डिझेल वाचलं तर पैसे. चुलतभावाचा स्टीलचा डबा सध्या आमच्या गोठ्यात आहे. चांगल्या जाड पत्र्याचा आहे. त्यात जिवाणूचं द्रावण कालवतोय.

लाइट आज रात्री साडेअकराला आहे. निघतो.